शिट्टी वाजतेय, गाडी घेऊ का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, साडेदहा वाजलेले आणि मावसबहिणीचा फोन. आवाजात नुसता आनंद. ‘‘दादा, गाडी फायनल केली! टोकनपण दिलं, २१ हजार!’’

‘‘अगं पण कुठली?’’

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. रंग (सगळ्यात आधी रंगच!), सनरूफ, सहा वर्षं जुनी, एकच मालक, रनिंग ६२ हजार, एमएच-१५ पासिंग, किंमत ६ लाख ४० हजार. आणि शेवटी बोनस मिळाल्यासारखं, ‘‘टर्बो पेट्रोल आहे रे! काय पळते! ॲक्सिलरेटर दिला की अशी मस्त शिट्टी वाजते...’’

शिट्टी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. टर्बो गाडीत थोडीशी शिट्टी असतेच, त्यात काही वावगं नाही. पण शोरूममधून नुकत्याच काढलेल्या गाडीची शिट्टी कुणाच्या लक्षातही येत नाही. सेकंड हॅंड गाडीची शिट्टी घेणाऱ्याला पहिल्याच चकरेत ऐकू आली, तर ती कशाची आहे हे बघायला हवं.

बहीण नाशकात एका बॅंकेत आहे, मावशी आणि काका चांदवडला. काकांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या कांदे वाहायच्या पिकअपमधून त्यांना ६५ किलोमीटर नाशिकला आणलं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात एकच, दाराशी आपली गाडी पाहिजे. त्यामुळे ही ‘वीकएंडला लोणावळा’वाली खरेदी नव्हती. रात्री दोन वाजता किल्ली फिरवली की निघाली पाहिजे, एवढी एकच अट. आणि त्यासाठी तिने पाच वर्षांची सगळी शिल्लक काढली होती.

मी म्हटलं, ‘‘उद्या सकाळी सातला निघू. एजंटला फोन करू नकोस.’’

‘‘का?’’

‘‘आधी कळवलं तर तो गाडी गरम करून ठेवेल.’’

बाराशे सीसीत मावलेली हौस

मंडळी, या गाड्यांना टर्बो का लागतो, याचं उत्तर इंजिनिअरिंगच्या आधी टॅक्सच्या पुस्तकात आहे. २००६ च्या बजेटने लहान गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसलं की कर कमी. ही चौकट आजही तशीच आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिच्या आतल्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो आणि बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के. आता आपल्याला तर हवी उंच, रुबाबदार, पाच माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढणारी गाडी, आणि इंजिन मात्र हजार-बाराशे सीसीचं. मग एवढ्याशा इंजिनात जोर आणायचा कुठून? धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चकती फिरवायची, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चकतीने इंजिनात हवा कोंबायची. हाच टर्बोचा फंडा.

जून २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनासह आली. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन, फेब्रुवारी २०१९ मध्ये महिंद्र एक्सयूव्ही ३००, त्याच मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू, २०२० मध्ये किया सोनेट. यातली एक्सयूव्ही ३०० तर आपली घरचीच. नाशिकच्या महिंद्रच्या कारखान्यात बनायची, १.२ लिटर तीन सिलिंडर, ११० पीएस, २०० न्यूटन मीटर टॉर्क. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या जागी एक्सयूव्ही ३एक्सओ आली. या पहिल्या पिढीच्या गाड्यांचे पहिले मालक आता हप्ते फेडून मोकळे झालेत आणि गाड्या बाजारात आल्यात. पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत हायवेच्या कडेला रांगेने चकाकत उभ्या असतात, त्यांतल्या बऱ्याच ह्याच.

गाड्या वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः आज टर्बो पेट्रोलच चालवतो. पण साध्या इंजिनाला जी हयगय चालून जायची ती ह्यांना चालत नाही. लहान टर्बोची चकती मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेते. तिच्या एका बाजूला ९०० अंशांच्या वरचा वायू, आणि मधल्या दांड्याला आधार कसला, तर तेलाच्या केसाएवढ्या पातळ थराचा. ते तेल जुनं, घट्ट, काजळलेलं असेल, तर दांडा घासायला लागतो. आधी आवाज, मग निळा धूर, मग बिल.

आधी माझी फजिती

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. माझी पहिली टर्बो गाडीही सेकंड हॅंडच होती. (कंपनीचं नाव नको, चूक तिच्यापेक्षा माझी जास्त होती.) मे महिना, गाडीत चौघं, एसी फुल्ल, मुंबईहून परत येताना कसारा घाट. अर्ध्या घाटात तापमानाचा लाल दिवा लागला. शहाण्या माणसाने तिथेच गाडी बाजूला घेतली असती. मी म्हटलं, आता इगतपुरी आलीच! इगतपुरी आली, पण गाडी वाफा सोडत, टोचन लावून. हेड वाकलं, हेडचं पॅकिंग गेलं. बिल १ लाख १८ हजार.

आणि मूळ कारण? कूलंटचा एक प्लॅस्टिकचा कोपरा, काही शे रुपयांचा. उष्णतेने ठिसूळ होऊन त्याला चीर गेली होती आणि महिनोन्‌महिने थेंब थेंब कूलंट झिरपत होतं. मी मात्र दर पंधरा दिवसांनी बाटलीत नळाचं पाणी ओतून समाधान मानत होतो.

म्हणून टर्बो गाडीत कूलंट ही माझ्या यादीतली पहिली गोष्ट. बहुतेक गाड्यांत तेच कूलंट टर्बोलाही गार ठेवतं, त्यामुळे त्याच्यावर दुप्पट भार. बॉनेट उघडलं की आधी ती अर्धपारदर्शक बाटली बघा. (इंजिन गार असतानाच झाकण उघडायचं, गरम असताना नाही. नाहीतर तोंड भाजून घ्याल!) पातळी ‘मिनिमम’च्या खाली, रंग उडालेला, किंवा पाइपच्या सांध्यांवर गुलाबी-हिरवट वाळलेली पुटं दिसली, तर कुठेतरी गळती आहे. इंजिन चालू असताना बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील, तर हेडच्या पॅकिंगची शंका घ्या. आणि कूलंटवर तेलाचा तवंग दिसला, तर किल्ली परत द्या आणि चहा प्यायला जा.

थंड इंजिनासमोर

शनिवारी सातला आम्ही तिघं एजंटच्या यार्डात. बहीण, मी आणि माझे गॅरेजवाले चाचा. चाचा गेली तीस वर्षं द्वारकेजवळ गॅरेज चालवतात. बोलतात कमी, पण बोलले की बिल वाचतं.

एजंट डोळे चोळत आला. ‘‘मॅडम, फोन करायचा ना, धुऊन ठेवली असती.’’

चाचांनी आधी हाताचा पंजा बॉनेटवर ठेवला. गार. मान डोलावली. मग डिपस्टिक काढून तेल बोटावर घेतलं, वास घेतला. तेल काळं होतं. तेवढ्यावरून काही ठरत नाही, वापरलेलं तेल काळं होणारच. पण झाकण उघडून आत टॉर्च मारला, तर कडेला डांबरासारखा थर बसलेला दिसला.

‘‘लावा स्टार्ट.’’

पहिल्या दोन-तीन सेकंदांत पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट आला आणि थांबला. मागे निळसर धुराचा एक झोत निघाला आणि विरला. बहिणीने माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी दुपारी हेच इंजिन गरम असताना तिला ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं. तो खडखडाट तेल वर पोचेपर्यंत टायमिंग चेनचा असू शकतो किंवा टर्बोच्या वेस्टगेटचा. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा दाब बाजूने सोडून देणारं झडप. त्याची कांडी झिजली की हलक्या रेसवर टिणटिण वाजते, आणि झडप नीट बंद होईना झालं की पिकअप मरतो.

मग मी माझा स्कॅनर लावला. हा हजाराच्या आसपास मिळणारा, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसून मोबाइलला जोडायचा डबीएवढा प्रकार. सेकंड हॅंड गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने खिशात ठेवावा असा. एकही एरर कोड नाही! एजंट खूश. पण बॉस, खरी मेख पुढेच आहे. गाडीचा कॉम्प्युटर सतत स्वतःच्या चाचण्या घेत असतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरे. कोणी कोड पुसले की त्या चाचण्याही शून्यावर येतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालणं लागतं. ह्या गाडीच्या निम्म्या चाचण्या ‘अपूर्ण’ होत्या. म्हणजे एक-दोन दिवसांत कोणीतरी पाटी कोरी केली होती.

‘‘बॅटरी बदलली ना साहेब, म्हणून असेल,’’ एजंट म्हणाला. बॅटरी काढली-घातली तरी असं होतं, हे खरं आहे. फक्त बॅटरीवर तारीख होती दोन वर्षांपूर्वीची.

विल्होळीपर्यंत चक्कर मारून आलो. वाटेत मी मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू, मग एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. शिट्टी आली. हलकी नव्हती, रेस वाढेल तशी सायरनसारखी चढत गेली. सोबत ‘फुस्स’ आणि जोर अपुरा. परत आल्यावर चाचांनी दहा मिनिटं मागून घेतली आणि इंटरकूलरच्या पाइपची एक क्लिप सोडली. क्लिप ढिली होती, हवा तिथून निसटत होती. एजंट लगेच म्हणाला, ‘‘बघा, २०० रुपयांचं काम!’’

चाचांनी पाइपच्या आत बोट फिरवलं. बोट तेलाने निथळत होतं. म्हणाले, ‘‘ताई, पाइपचं काम २०० चंच आहे. पण पाइपात तेल कुठून आलं, ते ह्यांना विचारा.’’

पाइपला आतून तेलाचा पातळ ओशटपणा असतो, तो चालतो. तेल साचलेलं असेल तर टर्बोचं सील गेलं असावं किंवा इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी पीसीव्ही झडप तुंबली असावी. पीसीव्ही असेल तर खर्च थोडका. टर्बो असेल तर ह्या गाडीसाठी चाचांचा अंदाज होता मजुरीसह ७० हजार ते लाखभर. आणि नुसता टर्बो बदलून भागत नाही. तेलाची लाइन काजळीने तुंबलेली राहिली, तर नवीन टर्बोही तेलाविना मरतो, हे बऱ्याच ठिकाणी कोणी सांगत नाही.

शेवटी सर्व्हिसची कागदपत्रं बघितली. १८ हजार किलोमीटरला एक सर्व्हिस, त्यानंतर थेट ४१ हजाराला. ज्या गाडीचं तेल दर १० हजारांनी किंवा वर्षाने बदलायचं असतं, ती एकाच तेलावर २३ हजार पळाली होती. मला धूर आणि शिट्टीपेक्षा ह्या दोन आकड्यांची जास्त भीती वाटली. बाकी सगळं त्यातूनच आलेलं.

प्रत्येक गाडीचं वेगळं दुखणं

आता तुम्ही विचाराल, ‘आम्ही अमुक मॉडेल बघतोय, त्यात काय बघायचं?’ थोडक्यात सांगतो.

इकोस्पोर्टचं इकोबूस्ट इंजिन चालवायला आजही झकास आहे. पण त्याचा टायमिंग बेल्ट कोरडा नसतो, इंजिनाच्या तेलात बुडून फिरतो. चुकीचं तेल वापरलं किंवा बदलायला उशीर केला की रबर फुगतं, त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब पडतो. परदेशात ह्या बेल्टची मुदत १० वर्षं किंवा सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर सांगितली जायची. आपल्याकडच्या पहिल्या गाड्यांची दहा वर्षं कधीच उलटली. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत याच इंजिनाच्या तेलपंपाच्या बेल्ट-टेन्शनरसाठी इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं. तेव्हा बेल्ट बदलल्याचं बिल दाखवा, नाहीतर तो खर्च किमतीतून वजा करा, एवढंच बोलायचं.

डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं, म्हणजे व्हेन्यू-सोनेटचं एक लिटर टर्बो, कुशाक-टायगुनचं टीएसआय, एक्सयूव्ही ३०० ची २०२२ मध्ये आलेली १३० पीएसची आवृत्ती. ह्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवलं जातं, त्यामुळे आत येणारी झडप पेट्रोलने धुतली जात नाही. तिच्यावर काजळी साठत जाते. सकाळी गाडी हलकी मिसिंग मारते, आयडलला थरथरते, ॲव्हरेज पडतो. अर्थात प्रत्येक मिसिंग म्हणजे काजळी नव्हे. आधी प्लग आणि इग्निशन कॉइल बघा, टर्बोच्या दाबात दोन्ही लवकर थकतात. आणि कुशाकच्या २०२१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत फ्युएल पंपाची तक्रार आली होती, कंपनीने सुधारित पंप बसवून दिले. तशी गाडी बघत असाल, तर पंप बदलल्याची नोंद मागा.

ऑटोमॅटिकमध्ये ड्युअल क्लचवाली गाडी असेल, तर तिला द्वारकेच्या ट्रॅफिकमध्येच न्या! संध्याकाळी सातला तिथे पंधरा मिनिटं मुंगीच्या चालीने चालवा. कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सला सगळ्यात जास्त त्रास अशा सरकत्या गर्दीचाच होतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके, कंप, जळका वास आला की समजायचं. मॅन्युअलमध्ये क्लच जड लागतो का आणि चढावर रेस वाढून गाडी मागे पडते का, ते बघा.

तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थरथरतं. पण सिग्नलला उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट गुरगुरत असेल, तर ‘इंजिन फाउंडेशन’ गेलंय. रबरी पायच ते, बसतात. खालचा खडखडाट म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश. नाशकात सिंहस्थासाठी रस्त्यांचं जे काय चाललंय, त्यात कोणत्याही गाडीचे बुश शाबूत असतील तर मालकाचा सत्कार करावा. हा खर्च घाबरण्यासारखा नाही, फक्त घासाघीस करताना विसरू नका.

आपल्या सवयी, आपलं पेट्रोल

नाशिकची एक गंमत आहे. आपल्या शहरात सगळं पाच-सहा किलोमीटरवर. कॉलेज रोडवरून सातपूरला ऑफिस, परत घर. ह्याचा अभिमान वाटतो आपल्याला, पण टर्बो इंजिनाला हे आवडत नाही. इंजिन पुरतं गरम व्हायच्या आतच बंद होतं. न जळलेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतं आणि तेल पातळ होतं. थंडीत जास्तच, आणि आपल्या शेजारी निफाड आहे! डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा तेलाची पातळी चक्क वाढलेली दिसली, तर तेल लवकर बदला. आठवड्यातून एकदा तासभर हायवेला चालवून आणा.

उलट टोक म्हणजे समृद्धी. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून जो तो १२० ने मुंबईला निघालाय. तासभर सलग तसं पळवून थेट फूड प्लाझाच्या दारात इंजिन बंद केलं, तर गरम टर्बोतलं तेल जागच्या जागी भाजून काजळतं. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, किंवा मिनिटभर आयडलला ठेवा.

आणखी एक सवय. ॲव्हरेज मिळावा म्हणून पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने गाडी ओढायची, आणि ट्रक दिसला की गिअर न बदलता पूर्ण पाय दाबायचा. कमी रेस आणि जास्त दाब, ह्यात मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतं. एक जोराचा ठोका, आणि पिस्टनला चीर. हे टाळायला तेल कंपन्यांनी वेगळा दर्जाच आणला, २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस, २०२० मध्ये एसपी. डब्यावर ‘एसपी’ छापलेलं बघून घ्या आणि एक गिअर खाली टाका.

पेट्रोलचंही बोलू. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के इथेनॉलच्या हिशोबाने बनल्या, आणि पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींत ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. गाडी बंद पडेल असं नाही, पण जुने रबरी पाइप आणि सील तपासून घेतलेले बरे, आणि महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी शक्यतो टाळाच. खराब इंधनाने तर भल्याभल्यांना दणका दिलाय. जुलै २०२१ मध्ये महिंद्रला नाशिकच्याच कारखान्यातल्या सुमारे ६०० डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण कारखान्यात आलेलं इंधनच दूषित निघालं! आपण कोण? ठरलेल्या पंपावरच भरा.

पुढे काय झालं

त्या शनिवारी यार्डात बहीण गप्प उभी होती. एजंट म्हणाला, ‘‘मॅडम, तीस हजार कमी करतो.’’ मग चाळीस. मला ठाऊक होतं, तिच्या डोक्यात ते लाल रंगाचं बॉनेट आणि सनरूफ फिरतंय. शिवाय टोकनचे २१ हजार. मी काही बोललो नाही. पैसे तिचे, वडील तिचे.

तिने चाचांना एकच विचारलं, ‘‘चाचा, ही गाडी रात्री दोनला चांदवडहून निघाली तर नाशिकला पोचेल?’’

चाचा म्हणाले, ‘‘उद्या पोचेल. पावसाळ्यातलं मी नाही सांगू शकत.’’

तिने गाडी सोडली. बरीच हुज्जत घालून एजंटने टोकनातले १० हजार परत दिले, ११ हजार बुडाले. दोन दिवस तिने माझा फोनही उचलला नाही.

तीन आठवड्यांनी दुसरी सापडली. तेच मॉडेल, तेच साल, रंग राखाडी, सनरूफ नाही, रनिंग ७८ हजार आणि मागितलेली किंमत २५ हजारांनी जास्त. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्या एका काकांची. त्यांनी आधी आम्हाला बसवून चहा दिला आणि मग फाइल काढली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, कुठलं तेल, किती लिटर, प्लग कधी बदलले, सगळं. शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी: ‘पुढचं फाउंडेशन करायचं आहे. डावा लोअर आर्म बुश वाजतो. टायर मूळचेच.’ विकणारा माणूस स्वतःच्या गाडीचे दोष लिहून देतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. थंड इंजिन एका हाकेत सुरू झालं, धूर नाही, स्कॅनरवर सगळ्या चाचण्या पूर्ण. तरी चाचांनी पाइप सोडून बोट फिरवलंच. बोट कोरडं. घासाघीस करून ६ लाख ४० हजारांवरच सौदा झाला. कर्जाचा बोजा उतरल्याची बॅंकेची एनओसी आणि २९-३० नंबरचे फॉर्म घेतल्याशिवाय पैसे दिले नाहीत. बॅंकवालीच ती, ह्यात कुणाला फसायची नाही!

घेतल्या घेतल्या गाडी चाचांकडे. तेल, सगळे फिल्टर, कूलंट, प्लग, फाउंडेशन, बुश. ३१ हजार. कूलंटचे प्लॅस्टिकचे कोपरेही बदलायला लावले, ते माझ्या हट्टाने. पुढच्या पगारात टायर.

गेल्या रविवारी काकांना तपासणीसाठी तिने स्वतः नाशिकला आणलं आणि संध्याकाळी परत सोडलं. मी मागच्या सीटवर होतो. चांदवडला दारात गाडी थांबली, मावशी ओवाळायला बाहेर आली, तरी बहीण इंजिन बंद करेना.

काका म्हणाले, ‘‘अगं, पेट्रोल जळतंय फुकट. बंद कर की!’’

‘‘एक मिनिट बाबा. हायवेवरून आलीये, जरा दम खाऊ दे तिला.’’

काकांनी काही न बोलता मनगट वर केलं आणि घड्याळात सेकंद मोजायला लागले.